ऐंशी ग्रॅम

जिनदत्त मगदूम सायकलचा एकेक सुटा भाग
अडतीतल्या काट्यावर ठेवून बघायचा,
हळदीचे नमुने तोलतात त्याच काट्यावर.
बाटलीचा पिंजरा, सीटखालची दांडी, पेडल.
त्याच्या पांढऱ्या कार्बनच्या सायकलला म्हणून
मार्केट यार्डाचा वास यायचा,
आणि हातमोज्यांवरचा पिवळा डाग कधीच गेला नाही.

माझी सायकल बाबालाल शिकलगारनं जुळवलेली.
त्याआधी विश्रामबागच्या चकचकीत दुकानात
मला पुढं बास्केट असलेली जांभळी दाखवली होती:
"मॅडम, भाजी आणायला बरी."
बाबालालनं भाजीचं काढलं नाही.
लेकीला हाक मारली, मला भिंतीशी उभं करवलं,
खडूची रेघ ओढून टाचेपासून माप घेतलं.
"पोलाद घ्या. वाकलं तर सांगून वाकतंय.
कार्बन गप बसतंय, आणि एक दिवस मोडतंय."
मग चाक फिरवत एकेक स्पोक बोटानं छेडला.
मिरजेत सतारवाल्यांच्या बोळात वाढलेला माणूस,
बेसूर चाक त्याला झोपू देत नाही म्हणे.

रविवारी आम्ही दंडोबाला जायचो.
चढाला जिनदत्त पुढं, उताराला मी.
वर पोचलं की तो चिक्की मोडत बसलेला:
"दोन किलो कमी कर, बाई. सायकलचे, नाहीतर तुझे."
"अंबाडा कापू का?"
हेल्मेटखाली अंबाडा मावायचा नाही.
सत्तेचाळिसाव्या वर्षी शाळेसारखी वेणी घालायला लागले ती तेव्हापासून.

डिसेंबरातली पहाट, कवलापूरच्या अलीकडं.
धुक्यात गाजरं धुणाऱ्या बायांचे आवाज होते,
बाया नव्हत्या.
जिनदत्तचा पुढचा दिवा घरी, फडताळात.
काट्यावर ऐंशी ग्रॅम भरला होता तो.
माझा दिवा होता. पण मी मागं होते.

उसाची ट्रॉली उभी होती, टायर बसलेली,
मागं ना दिवा, ना रेडियम,
नुसतं लोंबणारं वाढं.
आवाज ताट पडल्यासारखा आला,
घरातला.

हासळीचं हाड, दोन बरगड्या, एक दात.
मिरजेच्या दवाखान्यात भूल उतरता उतरता
त्यानं विचारलं, "फ्रेम?"
केसाएवढी चीर होती, बाबालालनं नखानं शोधलेली.
मी "गेली" म्हटल्यावर रडला.
हाडासाठी रडला नव्हता.

दिवा असता तरी काय दिसलं असतं, कुणास ठाऊक.
हे मी त्याला बोलले नाही,
त्याच्या बायकोलाही नाही.

खांदा अजून वर होत नाही त्याचा.
संक्रांतीनंतर एकदा अडतीवर बोलावून
रेडियमची जाड गुंडाळी हातात ठेवली, लाल.
सवयीनं आधी काट्यावर ठेवली होतीच:
सातशे साठ.
"ने," म्हणाला. "तुझी पोलादी आहे."

तेव्हापासून रविवारी दंडोबा नाही, कारखाना.
ट्रॉल्यांच्या रांगेत बाहीनं चिखल पुसायचा,
दातानं पट्टी तोडायची, दाबून चिकटवायची.
बीडकडचा एक ड्रायव्हर चहाचा कप घेऊन बघत राहिला.
"कितीला घेतली ही?"
"आठ हजार," मी म्हटलं. घरीही हाच आकडा सांगितलाय.
"मग एक चक्कर मारू का?"
चपलांवरच काट्याभोवती दोन फेऱ्या मारून आला.
"बसायचं लई टोचतंय. पैसे घेऊन असलं देत्यात?"
मग उरलेली वीतभर पट्टी मागून घेतली,
ट्रॉलीखाली झोपणाऱ्या कुत्र्याच्या गळपट्ट्याला.

पुढच्या रविवारी, अंधार असतानाच,
माझ्या दिव्यात एक लाल ठिपका पेटला.
गुडघ्याएवढ्या उंचीवर.
हलत होता.
ब्रेक दाबेपर्यंत तो भुंकायला लागला
आणि सरळ पोटरीकडं आला.